एम्युलेटर, रॉम आणि किल्ली: कायदा नेमका कुठे आडवा येतो?

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी निन्टेन्डोनं अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या फेडरल कोर्टात 'ट्रॉपिक हेझ' नावाच्या एका छोट्या कंपनीवर दावा ठोकला. ही कंपनी 'युझू' बनवायची. युझू म्हणजे निन्टेन्डो स्विचचे गेम पीसीवर चालवणारा एम्युलेटर, तोही ओपन सोर्स. खटला उभा राहायच्या आतच, ४ मार्चला, तडजोड झाली. २४ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानं साधारण २० कोटी रुपये द्यायचं कबूल करून युझूनं दुकान बंद केलं. त्याच टीमचा 'सिट्रा' हा निन्टेन्डो थ्री-डीएसचा एम्युलेटरही सोबत गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'र्‍युजिंक्स' हा स्विचचा दुसरा मोठा एम्युलेटरही निन्टेन्डोनं संपर्क साधल्यावर बंद झाला.

आता त्याच वर्षातली दुसरी बातमी बघा. ५ एप्रिल २०२४ ला ॲपलनं ॲप स्टोअरचे नियम बदलले आणि जुन्या गेमिंग कन्सोलच्या एम्युलेटरना परवानगी दिली. १७ एप्रिलला 'डेल्टा' नावाचा एम्युलेटर ॲप स्टोअरवर आला. त्यात चालतात कुठले गेम? प्रामुख्यानं निन्टेन्डोच्याच जुन्या कन्सोलचे! आणि तो राजरोस मिळतो.

म्हणजे एकाच देशात, एकाच कायद्याखाली, एकाच कंपनीच्या कन्सोलचे एम्युलेटर. एकाला २० कोटींचा फटका, दुसरा आयफोनवर एका टॅपमध्ये हजर. हे कसं काय?

'एम्युलेटर कायदेशीर आहे का?' हा प्रश्न ऐकायला एक वाटतो, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. एम्युलेटरचा कोड कुणी लिहिला? गेमची कॉपी कुठून आली? आणि गेमला लावलेलं डिजिटल कुलूप कुणी, कशानं उघडलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकी कोर्टानं २५ वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, फक्त आपल्याला ते आवडत नाही. आजची सगळी भांडणं तिसऱ्या प्रश्नावर चालू आहेत, आणि तिथे भारताचा कायदा अमेरिकेपेक्षा वेगळं बोलतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो: मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. हे समजून घेण्यासाठी वाचा, कायदेशीर सल्ला म्हणून नको.

एम्युलेटर म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक कन्सोल हा शेवटी एक संगणकच. त्यात एक प्रोसेसर असतो, त्याला समजणाऱ्या सूचना ठरलेल्या असतात, चित्र दाखवणारी चिप असते, आवाज काढणारी चिप असते. गेम म्हणजे त्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचना. तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळी भाषा बोलतो, म्हणून तो गेम थेट चालत नाही. एम्युलेटर मधे दुभाषा म्हणून बसतो. गेम म्हणतो, 'या पत्त्यावर ही संख्या लिही.' एम्युलेटर ते वाचतो, मूळ कन्सोलमध्ये त्यामुळे काय घडलं असतं ते ठरवतो आणि तेच लॅपटॉपवर घडवून आणतो.

यात चोरटं काहीच नाही. अँड्रॉइड ॲप बनवणारा प्रत्येक डेव्हलपर रोज अँड्रॉइड स्टुडिओतला एम्युलेटर वापरतो, मीही वापरतो. तो 'क्यूईएमयू' या ओपन सोर्स एम्युलेटरवर उभा आहे. निन्टेन्डो स्वतःच्या ऑनलाइन सेवेत जुने गेम देते, तेही एम्युलेटरवरच चालतात. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट सोनीची. १९९९ मध्ये प्लेस्टेशनचे एम्युलेटर बनवणाऱ्यांना कोर्टात खेचणाऱ्या सोनीनं २०१८ मध्ये 'प्लेस्टेशन क्लासिक' बाजारात आणलं, तेव्हा आत 'पीसीएसएक्स रिआर्म्ड' हा लोकांनी लिहिलेला ओपन सोर्स एम्युलेटर होता.

पहिला प्रश्न: कोड कुणाचा?

१९९९ च्या जानेवारीत 'कनेक्टिक्स' या कंपनीनं मॅकसाठी 'व्हर्च्युअल गेम स्टेशन' आणलं. प्लेस्टेशनची सीडी मॅकमध्ये घाला आणि खेळा. सोनीनं लगेच दावा लावला.

कनेक्टिक्सच्या इंजिनिअरांनी केलं काय होतं? दुकानातून प्लेस्टेशन विकत आणलं, त्याच्या चिपमधून बायोस बाहेर काढला, तो संगणकावर चालवून त्याचं वागणं तपासलं, आणि मग स्वतःचा कोड लिहिला. बायोस म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम. त्यावर सोनीचा कॉपीराइट होता. विक्रीला आणलेल्या प्रॉडक्टमध्ये सोनीचा कोड नव्हता, पण ते बनवताना इंजिनिअरांनी बायोसच्या कॉपी अनेकदा केल्या होत्या. सोनीचं म्हणणं, ही कॉपीसुद्धा उल्लंघनच.

खालच्या कोर्टानं सोनीच्या बाजूनं मनाई हुकूम दिला. पण फेब्रुवारी २००० मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टानं तो उलटवला. कोर्टाचं म्हणणं साधं होतं: प्रोग्राम कसा चालतो हे समजून घ्यायला दुसरा मार्गच नसेल, तर त्यासाठी केलेली मधली कॉपी 'फेअर यूज' ठरते. शिवाय कनेक्टिक्समुळे सोनीची काही गिऱ्हाइकं तुटली तरी ती स्पर्धा आहे. कॉपीराइट कोडवर मिळतो, त्या गेमसाठी लागणाऱ्या मशीनच्या मक्तेदारीवर मिळत नाही. याच कोर्टानं १९९२ मध्ये सेगा विरुद्ध ॲकोलेड खटल्यात हाच पाया घातला होता.

एखाद्या हॉटेलातली मिसळ चार वेळा खाऊन, रस्सा चाखून, घरी तसाच रस्सा जमवला तर हॉटेलवाला तुम्हाला अडवू शकत नाही. त्याच्या मसाल्याची वही पळवून तिच्या झेरॉक्स विकल्या तर मात्र अडवेल. कनेक्टिक्सनं रस्सा जमवला होता.

म्हणूनच आजही काही एम्युलेटर तुमच्याकडे बायोसची फाइल मागतात. ती सोबत दिली तर सोनीचा कोड वाटल्यासारखं होईल. काही एम्युलेटर बायोसची कामं स्वतःच्या कोडनं करतात, मग ती फाइल लागतच नाही.

दुसरा प्रश्न: गेम कुठून आणला?

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्याला 'कॅसेट' म्हणायचे, ती कार्ट्रिज. तिच्या चिपमधला डेटा काढून बनवलेली फाइल म्हणजे रॉम. गेमवर कॉपीराइट आहेच, आणि गेम दुकानात मिळेनासा झाला म्हणून तो संपत नाही.

इथे दोन समजुती वर्षानुवर्षं फिरतायत. पहिली, 'डाउनलोड केलेली रॉम २४ तासांत डिलीट केली तर चालतं.' असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. दुसरी, 'ओरिजिनल कॅसेट माझ्याकडे आहे, म्हणून नेटवरून रॉम घेतली तर हरकत नाही.' तुमच्या कॅसेटमधून तुम्ही काढलेली कॉपी आणि कुणीतरी अपलोड केलेली कॉपी, या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही फाइल बिट-बाय-बिट सारख्या असल्या तरी!

रॉम वाटणाऱ्या साइट्सना याची किंमत मोजावी लागली आहे. निन्टेन्डोनं २०१८ मध्ये 'लव्हरॉम्स' आणि 'लव्हरेट्रो' या साइट्सवर दावा लावला, आणि प्रकरण १ कोटी २० लाख डॉलरच्या वर रकमेच्या हुकमावर मिटलं. तिथे एम्युलेटर बरोबर की चूक हा मुद्दाच नव्हता. फाइली वाटल्या, विषय संपला.

तिसरा प्रश्न: कुलूप कुणी उघडलं?

आता युझूकडे येऊ. युझूचा कोड त्याच्या डेव्हलपरांनी लिहिला होता. युझू सोबत गेम देत नव्हता. मग पहिल्या दोन्ही प्रश्नांत पास होऊन तो अडकला कुठे?

स्विचचा प्रत्येक गेम एन्क्रिप्ट केलेला असतो. कार्ट्रिजमधून डेटा काढला तरी हाती लागतो तो निरर्थक आकड्यांचा ढीग. तो उलगडायच्या किल्ल्या कन्सोलच्या आत लपवलेल्या असतात. युझू त्या किल्ल्या देत नव्हता. वापरणाऱ्यानं आपल्या स्विचमधून त्या काढून युझूला द्यायच्या, मग युझू गेम चालवताना तो उलगडायचा.

अमेरिकेत १९९८ साली डीएमसीए हा कायदा आला. त्याचं कलम १२०१ सांगतं की कॉपीराइट असलेल्या वस्तूला लावलेलं तांत्रिक कुलूप तोडणं हाच गुन्हा आहे, आणि मुख्यतः कुलूप तोडण्यासाठी बनवलेलं साधन लोकांना पुरवणं हाही वेगळा गुन्हा आहे. कुलूप तोडून तुम्ही पुढे चोरी केली की नाही, हा प्रश्न कलम सुरुवातीला विचारतच नाही. पेटी तुम्ही विकत घेतली, आतलं सामान तुमचं, पण किल्ली कंपनीकडे. कंपनीनं दिलेल्या वाटेनं उघडा, नाहीतर उघडू नका.

निन्टेन्डोनं नेमकं हेच हत्यार उचललं. कनेक्टिक्सच्या काळातला 'तुम्ही आमचा कोड कॉपी केला' हा आरोप त्यांच्या दाव्याचा कणा नव्हता. कणा होता तो हा: किल्ल्यांशिवाय युझूचा काहीच उपयोग नाही, म्हणजे युझू हे कुलूप तोडायचं साधन आहे. सोबत युझूच्या वेबसाइटवर किल्ल्या आणि गेम कसे काढायचे याची माहिती होती, तिच्याकडेही बोट दाखवलं.

निन्टेन्डोची बाजूही नीट ऐकायला हवी. 'द लेजंड ऑफ झेल्डा: टिअर्स ऑफ द किंगडम' हा गेम १२ मे २०२३ ला येणार होता. तो त्याआधीच फुटला, आणि रिलीजपूर्वीच १० लाखांहून जास्त वेळा बेकायदा डाउनलोड झाला, असं दाव्यात म्हटलंय. त्याच काळात पॅट्रिऑनवर युझूला दरमहा पैसे देणारे दुपटीनं वाढले, असाही आरोप होता. गेम युझूनं फोडला नव्हता. पण पैसे देणाऱ्यांना नवी आवृत्ती आधी मिळायची, त्यामुळे 'आम्ही फक्त छंद म्हणून करतो' असं म्हणायला जागा उरली नव्हती. हजारो लोकांनी अनेक वर्षं खपून बनवलेला गेम बाजारात यायच्या आधीच फुकट फिरत असेल, तर कुठलीही कंपनी चिडणारच.

एक आठवड्यात का शरण गेले?

युझूकडे बचाव नव्हता असं नाही. कलम १२०१ मध्येच 'इंटरऑपरेबिलिटी'ची सवलत आहे: स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामसोबत चालावा म्हणून कुलूप ओलांडायची मर्यादित मुभा. एम्युलेटर तेच तर करतो! 'डॉल्फिन' या गेमक्यूब आणि वी कन्सोलच्या एम्युलेटरनं २०२३ मध्ये हाच मुद्दा जाहीरपणे मांडला होता. डॉल्फिनच्या कोडमध्ये वी कन्सोलची एक किल्ली आहे. तो स्टीमवर येणार होता, पण निन्टेन्डोच्या पत्रानंतर ते बारगळलं. मात्र डॉल्फिनवर कुणी खटला भरला नाही, आणि तो स्वतःच्या वेबसाइटवर मिळत राहिला.

मग युझूनं हा बचाव लढवला का नाही? हिशेब करून बघा. या कलमाखाली प्रत्येक उल्लंघनामागे २०० ते २,५०० डॉलरपर्यंत भरपाई लावता येते. उल्लंघनं लाखात मोजली गेली, तर आकडा कोट्यवधी डॉलरच्या घरात जातो. वकिलांची फी वेगळीच. चार-सहा डेव्हलपरांच्या कंपनीनं 'चला, तत्त्वासाठी लढू' म्हणावं अशी ती परिस्थिती नव्हती.

आणि जिंकूनही काय मिळतं, याचा इतिहास समोर होता. कनेक्टिक्स अपिलात जिंकलं, पण २००१ मध्ये सोनीनं व्हर्च्युअल गेम स्टेशन विकत घेतलं आणि बंद केलं. 'ब्लीम' हा पीसीवरचा प्लेस्टेशन एम्युलेटर. त्याच्या जाहिरातीतल्या स्क्रीनशॉटवरून सोनीनं केलेल्या खटल्यात २००० मध्ये अपील कोर्टानं ब्लीमची बाजू घेतली. पुढच्याच वर्षी कोर्टकचेरीच्या खर्चानं ती कंपनी बुडाली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात, ते हरणाऱ्यापुरतं नाही.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. युझू प्रकरणात दोन्ही बाजूंच्या संमतीनं जो हुकूम झाला, त्यात 'किल्ल्यांशिवाय न चालणारं असं सॉफ्टवेअर बनवणं किंवा वाटणं हे डीएमसीएचं उल्लंघन आहे' अशा अर्थाचं वाक्य आहे. ते वाक्य दोन पक्षांनी मिळून कबूल केलंय. पुरावे तपासून, उलटतपासणी होऊन कोर्टानं काढलेला तो निष्कर्ष नाही. दुसऱ्या एम्युलेटरवर तो बंधनकारकही नाही. 'युझू प्रकरणात एम्युलेटर बेकायदेशीर ठरले' असं कुणी म्हणालं, तर ते चूक आहे. काहीच ठरलेलं नाही.

खुद्द निन्टेन्डोही तसं म्हणत नाही. जानेवारी २०२५ मध्ये टोकियोतल्या एका कार्यक्रमात कंपनीच्या बौद्धिक संपदा विभागातल्या अधिकाऱ्यानं मान्य केलं की एम्युलेटर मुळात बेकायदेशीर नसतो, तो कसा वापरला जातो त्यावर ते ठरतं. मूळ मशीनमधला प्रोग्राम कॉपी केला किंवा सुरक्षा यंत्रणा निकामी केली, की अडचण येते.

आता डेल्टाचं कोडंही सुटतं. एनईएस किंवा गेम बॉयच्या कार्ट्रिजमधला गेम एन्क्रिप्ट केलेलाच नसायचा. उलगडायला किल्ली नाही, म्हणून तिसरा प्रश्न उठतच नाही. उरतो दुसरा, रॉम कुठून आणली. त्याची जबाबदारी डेल्टा तुमच्यावर सोडतो.

भारतात काय?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात वेळोवेळी बदल झालेत, आणि एम्युलेटरच्या दृष्टीनं त्यातली काही कलमं वाचण्यासारखी आहेत.

कलम ५२ मध्ये 'हे केलं तर उल्लंघन नाही' अशा गोष्टींची यादी आहे. तिथलं (कक) हे पोटकलम, म्हणजे इंग्रजी मसुद्यातलं डबल ए, कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रामचा बॅकअप घ्यायला परवानगी देतं. पुढची तीन पोटकलमं १९९९ च्या दुरुस्तीत आली. त्यांचा मथितार्थ असा:

- स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामसोबत चालावा म्हणून लागणारी माहिती मिळवायला आवश्यक ते करता येतं, अट एवढीच की ती माहिती सहज उपलब्ध नसावी आणि मूळ प्रोग्राम कायदेशीर मार्गानं तुमच्याकडे असावा.
- प्रोग्राममागच्या कल्पना आणि तत्त्वं कळावीत म्हणून तो चालवून बघता, अभ्यासता, तपासता येतो.
- स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून, बिगर-व्यावसायिक वैयक्तिक वापरासाठी कॉपी करता येते.

कनेक्टिक्सला जे कोर्टात जाऊन मिळवावं लागलं, त्याचा बराचसा भाग आपल्याकडे कायद्यातच लिहिलेला आहे. तिसऱ्या मुद्द्यातली 'स्वतः कायदेशीरपणे मिळवलेली प्रत' ही शब्दयोजना मात्र नीट वाचा. नेटवरून उतरवलेली रॉम त्यात बसत नाही.

आता कुलूप. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ए आलं. तेही तांत्रिक कुलूप तोडणं हा गुन्हा मानतं, आणि दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगतं. पण त्यात एक अट आहे जी अमेरिकेच्या कलमात नाही: कुलूप तोडण्यामागे कॉपीराइटच्या हक्कांचं उल्लंघन करण्याचा हेतू हवा. शिवाय, या कायद्यानं स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडलं तर ६५ए आडवं येत नाही, असं तिथेच म्हटलंय. म्हणजे अमेरिका विचारते, 'कुलूप तोडलंत का?' भारत विचारतो, 'कशासाठी तोडलंत?' माझ्या मते भारताचा प्रश्न जास्त शहाणा आहे.

पण लगेच हुरळून जाऊ नका. गेम म्हणजे फक्त प्रोग्राम नसतो. त्यात संगीत असतं, चित्रं असतात, सिनेमासारखे प्रसंग असतात. वर सांगितलेल्या सवलती 'कॉम्प्युटर प्रोग्राम'साठी आहेत, बाकीच्या भागांना त्या लागू होतात का यावर वाद घालायला वकिलाला भरपूर जागा आहे. दुसऱ्या कुणाला कुलूप उघडायला मदत करायची, तर त्याचं नाव, पत्ता आणि हेतू यांची पूर्ण नोंद ठेवायला कायदा सांगतो. हजारो अनोळखी लोकांना डाउनलोड देणाऱ्या ओपन सोर्स प्रोजेक्टला ते जमणं अशक्य आहे. आणि पायरेटेड प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी कलम ६३बी आहेच: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. कमाईसाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा. कायदा भारताचा असला तरी आपला कोड राहतो कुठे? गिटहबवर. पैसे येतात कुठून? पॅट्रिऑनवरून. दोन्ही अमेरिकी कंपन्या. २०२४ च्या मे महिन्यात निन्टेन्डोच्या एका डीएमसीए नोटिशीवर गिटहबनं युझूच्या ८,५३५ कॉपी एका फटक्यात काढल्या. त्यातली एखादी पुण्यातल्या विद्यार्थ्यानं शिकायला म्हणून केलेली असती, तरी तिला कलम ६५ए मधल्या हेतूच्या अटीचा काडीचा उपयोग झाला नसता.

हे फक्त गेमपुरतं आहे का?

'आम्ही गेम खेळत नाही, आम्हाला काय त्याचं?' असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी हा भाग.

युनिकोड रुळायच्या आधी मराठी मजकूर संगणकावर कसा यायचा आठवतंय? पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं, की डॉसवर देवनागरी उमटायची. पुढे विंडोज आलं, पेजमेकर आलं, आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा फॉन्ट, वेगळं कोडिंग. पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सगळं त्यात. अशा सॉफ्टवेअरला अनेकदा डोंगल असायचं. संगणकाच्या प्रिंटर पोर्टला लावायची ती डबी नसेल, तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. आज त्या फाइल हार्डडिस्कवर असल्या तरी त्या उघडायला जुनं विंडोज हवं, तेच सॉफ्टवेअर हवं, आणि आताच्या कुठल्याच लॅपटॉपवर नसलेलं ते पोर्ट हवं.

जुना पीसी एम्युलेट करणारे 'डॉसबॉक्स' आणि '८६बॉक्स'सारखे प्रोग्राम आहेत. मशीन उभं करता येतं. अडतं ते डोंगलपाशी, म्हणजे पुन्हा कुलपापाशी. स्विचचा गेम आणि १९९६ चा दिवाळी अंक, दोघांची अडचण कायद्याच्या भाषेत एकच आहे.

अमेरिकेत या कलमातून दर तीन वर्षांनी काही सवलती दिल्या जातात. २००३ मध्ये बिघडलेल्या आणि कालबाह्य डोंगलसाठी तशी सवलत दिली होती. पण गाडी नेहमी पुढेच जाते असं नाही. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात असं दिसलं की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये, ग्रंथालयांनी जपलेले गेम संशोधकांना घरबसल्या वापरू देण्याची मागणी तिथल्या कॉपीराइट ऑफिसनं फेटाळली.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनं सार्वजनिक ग्रंथालयांना एक सवलत दिली: जपणुकीसाठी डिजिटल प्रत ठेवता येते, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची 'बिगर-डिजिटल' प्रत आधीपासून असेल तरच. पुस्तकासाठी ठीक. पण सॉफ्टवेअरची बिगर-डिजिटल प्रत कुठून आणायची? जी वस्तू जन्मालाच डिजिटल आली, तिला जपायची वाट या कलमात नाही. ही अट सॉफ्टवेअरपुरती काढली, तरी एखाद्या मराठी ग्रंथालयाला जुनी डीटीपी सॉफ्टवेअर फाइलींसकट जपता येतील. हेतू तपासणारं ६५ए आपल्याकडे आहेच, त्याला या दुरुस्तीची जोड हवी.

थोडक्यात, तुमच्यासाठी

एम्युलेटर डाउनलोड करणं, शिकणं, स्वतः लिहून बघणं यात घाबरण्यासारखं काही नाही. गेम बॉयचा एम्युलेटर स्वतः लिहिणं हा तर संगणक आतून समजून घ्यायचा उत्तम मार्ग आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांनी जरूर करावा. रॉम हवी तर स्वतःच्या कॅसेटमधून काढा, किंवा छंद म्हणून नवे गेम लिहून मोफत देणारे 'होमब्रू' डेव्हलपर आहेत, त्यांचे घ्या. रॉम, बायोस किंवा किल्ली दुसऱ्याला पाठवू नका, ग्रुपवरही नाही. सध्या विक्रीत असलेल्या कन्सोलच्या एम्युलेटरमध्ये कोड देणार असाल, तर तो प्रोजेक्ट किल्ल्यांचं काय करतो आणि पैसे कसे घेतो, हे आधी तपासा. युझूवर आलेली वेळ या दोन जागांवरून आली.